पोचवायचा राहिलेला पाहुणा

१

भिंगरीच्या घरात सकाळ उजाडायची ती सासूबाईंच्या तक्रारीने. चहा गार आहे, नाहीतर जीभ भाजेल इतका गरम आहे. खिडकी उघडी का, नाहीतर बंद का. खुब्याचं हाड मोडून त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, यांना जपा. यांना जपायचं म्हणजे यांच्या तोंडापासून इतरांना जपायचं, असं भिंगरी म्हणायची, आणि तेही त्यांना ऐकू जाईल अशा बेताने.

तिचं खरं नाव कागदोपत्रीच उरलं होतं. नृत्यमंडळीत लहानपणी आली ती गिरक्या घेतच, म्हणून भिंगरी. नाव ठेवलं होतं सासूबाईंनीच. तेव्हा त्या सासू नव्हत्या, तिच्या गुरू होत्या, आणि सगळे त्यांना बाई म्हणत. पुढे बाईंच्या मुलाशी, म्हणजे मंडळीच्या दिवेवाल्याशी, तिचं लग्न झालं. आता आई म्हण, असं नातेवाइकांनी सुचवून पाहिलं, पण जीभ वळेना. बाई त्या बाईच राहिल्या.

मंडळी नाचून गोष्टी सांगे. बोलणं नाही, सामान नाही. रिकामा रंगमंच, एका बाजूला ढोल, आणि नाचणारी एकटी. ती नुसत्या हातांनी दार उघडते, केर काढते, पाणी ओतते. गोष्टीत जितकी माणसं तितकी सगळी तीच. टाचेवर गिरकी घेतली की माणूस बदलला. बघणाऱ्याला भांडं दिसलं पाहिजे आणि भांड्यातलं पाणीही दिसलं पाहिजे. म्हणूनच नव्या मुलीला पाऊल टाकायला शिकवण्याआधी बाई एक नियम शिकवत. उचललंस ते ठेवायचं. उघडलंस ते लावायचं. घरात आणलास त्याला पोचवायचं. मुलींना हसू यायचं. मग बाई त्यांना पुन्हा रंगमंचावर पाठवायच्या आणि हवेत सोडून दिलेलं भांडं खाली ठेवून यायला लावायच्या.

'पाहुणा' ही मंडळीची सगळ्यात जुनी गोष्ट. एक सून केर काढते आहे. आतल्या खोलीत तिची म्हातारी सासू आजारी. दारावर तीन थापा पडतात. सून दार उघडते. पाहुणा आत येतो. त्याची मान डावीकडे कललेली आणि चाल अशी की टाच आधी टेकते, पंजा मागून. सून त्याला खुर्ची देते, पाणी देते. मग तो बोट उचलून आतल्या खोलीकडे दाखवतो. हिला न्यायला आलोय. सून त्याच्या पाया पडते, रडते, विनवते. शेवटी तो विरघळतो, उठून चालता होतो, आणि सून दार लावून कडी घालते. बाई ही गोष्ट उभी हयात नाचल्या. आता ती भिंगरीची होती.

"काल प्रयोग मोडला म्हणे," चहाचा कप परत देताना बाई म्हणाल्या.

"तुमच्या चिरंजीवांचे दिवे गेले. काहीतरी जळल्याचा वास आला आणि दुपारच्या वेळी सभागृहात काळोखच काळोख. लोकांना हात धरून बाहेर काढावं लागलं. त्या गोंधळात मीसुद्धा अर्धा रंग तोंडावर ठेवूनच घरी आले. रस्त्यात एक पोर मला बघून रडायला लागलं."

"रंग नसता तरी रडलं असतं." बाईंनी पांघरूण सारखं केलं. "कुठवर आलं होतं?"

"अं?"

"गोष्ट कुठवर आली होती?"

भिंगरीने आठवून पाहिलं. "पाणी दिलं होतं. भांडं त्याच्या हातात होतं."

बाई यावर काहीतरी लागट बोलतील म्हणून ती थांबली. त्या मात्र उघड्या दारातून बाहेरच्या खोलीत, रिकाम्या वेताच्या खुर्चीकडे, बघत राहिल्या.

२

ती खुर्ची नेहमी भिंतीला पाठ लावून असायची. त्या दिवशी दुपारी भिंगरी भाजी चिरून बाहेर आली तर खुर्ची थोडी पुढे आलेली, आणि तिचं तोंड बाईंच्या खोलीकडे वळलेलं. तिने ती पायानेच मागे ढकलली. नवरा वेंधळा आहे, हा तिच्या संसाराचा पायाच होता, त्यामुळे असल्या गोष्टींवर ती फार विचार करत नसे.

दुसऱ्या दिवशी खुर्ची पुन्हा वळलेली.

"मी कशाला हलवू? मी घरी असतो कधी?" नवरा म्हणाला, आणि ते खरं होतं. जळालेल्या तारांपायी तो उजाडल्यापासून सभागृहातच असायचा.

मग तिला वाटलं, फरशीला उतार असेल. तिने फरशीवर लिंबू ठेवून पाहिलं. लिंबू जागचं हललं नाही. आपण लिंबू ठेवून पाहतोय हे लक्षात आल्यावर तिला स्वतःचंच हसू आलं, आणि ते सरबतात पिळून ती मोकळी झाली.

पण वेताच्या खुर्चीची एक खोड असते. कोणी बसलं की वेत करकरतो, उठलं की बारीक चुरचुरत जागेवर येतो. घरातल्या माणसांना ते आवाज वेगवेगळे कळतात. भिंगरी ओट्याशी उभी होती, नवरा घरी नव्हता, बाई आत पडल्या होत्या, आणि बाहेर वेत करकरला. नुसता करकरला. नंतरचं चुरचुरणं आलंच नाही.

ती हातातला चमचा तसाच धरून उभी राहिली. बाहेर जाऊन बघणं अगदी सोपं होतं, चार पावलांचं काम. पण पाय उचलेना. उकाड्याने वेत फुगत असेल, असं तिने स्वतःला समजावलं, आणि मोठमोठ्याने भांडी घासायला घेतली. भांडी झाल्यावर बाहेर गेली. खुर्ची रिकामी होती. तिच्या पायाशी फरशीवर पाण्याचा एक गोल डाग होता, ओलं भांडं खाली टेकवल्यावर उमटतो तेवढाच.

तिने फडकं आणून तो पुसला. आत येऊन पाहिलं तर बाई टक्क जाग्या.

"झाली का आदळआपट?" त्या म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. सकाळचं जेवणही ताटात तसंच पडलेलं होतं.

"जेवला का नाहीत?"

"कोणी समोर बसून बघत असलं की मला घास उतरत नाही. तुला माहितीये."

३

मनातली शंका एकदाची मिटवून टाकावी म्हणून भिंगरी दुसऱ्या दिवशी दुपारी सभागृहात गेली. जाताना तिने स्वतःला बजावलं, आपण सराव करायला चाललोय. प्रयोग अर्धा राहिला, तो पुरा केलेला बरा, इतकंच.

ढोल वाजवणारे तालकाका आधीच येऊन बसले होते. बाईंच्या वेळेपासून मंडळीत होते, आणि बाईंचा ओरडा खाऊनही टिकलेले एवढेच. प्रयोगाच्या वेळी झाकलेले वरचे झरोके आता उघडले होते, त्यांतून उजेड येत होता. नवरा आणि दोन कारागीर भिंतीतून काळ्या पडलेल्या तारा ओढून काढत होते.

"पाण्यापासून पुढे वाजवा, काका," ती म्हणाली.

"सुरुवातीपासून नको?"

"नको. तो आत आलेला आहे."

काकांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. थाप पडली. भिंगरीने दोन्ही हातांनी भांडं पुढे केलं. गिरकी घेतली. आता पाहुणा. मान डावीकडे कलायची, डावा खांदा किंचित वर, टाचेवर भार. शेकडो वेळा केलेलं. मान कलली, पण ती भिंगरीचीच मान होती, लचक भरल्यासारखी. खांदा वर गेला आणि नुसता वर गेलेला खांदा दिसला. तिने थांबून पुन्हा गिरकी घेतली. पुन्हा तेच. सून येत होती, आतल्या खोलीतली म्हातारी येत होती. पाहुण्याच्या जागी आलं की आत कोणीच नाही. अंगातून कोणी उठून गेलं की काय वाटतं, ते तिला त्या वेळी पहिल्यांदा कळलं.

ढोल थांबला.

"पोरी," काका सावकाश म्हणाले, "आज तू दोघीच करतेयस. तिसरा कुठंय?"

रंगमंचाच्या उजव्या अंगाला, जिथे गोष्टीतलं दार असतं, तिथे ती बघत राहिली. त्या दिवशी तिने ते दार उघडलं होतं. त्यानंतर दिवे गेले होते, लोक ओरडले होते, आणि ती त्याच अंगाने पायऱ्या उतरून थेट घरी गेली होती. म्हणजे दार उघडं. आणि त्यातून ती गेली, आणि तिच्या मागून...

"काका, मी घरी जाते."

"अगं, रंगपेटी तरी घे—"

ती धावतच सुटली.

४

घरात शिरली तेव्हा खुर्ची बाईंच्या खोलीच्या उंबऱ्याला टेकलेली होती.

भिंगरीला आधी भीती वाटली आणि लगेच राग आला. राग मोठा होता, म्हणून भीती मागे राहिली. तिने खुर्ची उचलली. उचलताना ती खुर्चीपेक्षा जड लागली, आणि मग एकदम हलकी झाली. वेत चुरचुरला. तिने ती बाहेर नेऊन भिंतीशी आपटली आणि तशीच आत गेली.

बाईंचा चेहरा उशीत लहानसा दिसत होता. नाकावर माशी बसू न देणारी बाई, आणि त्यांच्या कपाळावर खरंच एक माशी बसली होती. भिंगरीने ती हाकलली.

"कधीपासून माहितीये तुम्हाला?"

"तू पाण्याचं सांगितलंस तेव्हापासून." त्यांना बोलताना दम लागत होता. "रीतभात आहे त्याला. बोलावल्याशिवाय आत येत नाही. अजून मागितलंही नाही त्याने. त्याचं मागणं तूच नाचतेस ना, तू केलंच नाहीस. म्हणून बसलाय वाट बघत."

"मग बसू दे."

"तो नुसता बसला तरी मला भारी पडतंय, भिंगरी."

डॉक्टर आदल्या संध्याकाळीच येऊन गेले होते. नाडी मंद आहे, वय झालं, मनाची तयारी ठेवा, असं काहीसं नवऱ्याच्या कानात बोलून गेले होते. नवरा बिचारा रात्रभर कूस बदलत होता. खुर्चीचं त्याला सांगायची सोय नव्हती. तू दमलीयेस, असं तो म्हणाला असता, आणि तेही मायेने, म्हणजे जास्तच राग आला असता.

बाई म्हणाल्या, "माझं ऐक. पुरं कर, आणि जाऊ दे मला. आयुष्यभर मी त्याच्या पाया पडले. लोकांना वाटायचं काय रडते ही! ते नाचणं नव्हतं. दर वेळी मी खरंच कोणाकोणासाठी मागायचे. माझ्या आईसाठी मागितलं, तुझा नवरा लहानपणी तापाने फणफणला होता तेव्हा त्याच्यासाठी मागितलं. तो ऐकत आला. आता स्वतःसाठी कुठल्या तोंडाने मागू? आणि तू पडलीस पाया तरी तो विरघळायचा नाही. पाठ झालंय त्याला सगळं."

"कोण पडतंय पाया?" भिंगरी म्हणाली.

"गोष्टीत आहे तसं."

"गोष्ट गेली खड्ड्यात." ती ओरडूनच बोलली. "मी लहान असताना पाऊल चुकलं की छडीने पायावर मारायचात. माझ्या लग्नात म्हणालात, मुलगी बरी आहे, गिरकी कच्ची आहे. परवा माझ्या आमटीला नाव ठेवलंत. एवढं सगळं मी ऐकून घ्यायचं, आणि तुम्ही एका उपऱ्यासोबत गपचूप निघून जायचं? माझी परवानगी कोणी विचारली?"

बाईंच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. हसूच असावं.

"गिरकी अजून कच्चीच आहे," त्या म्हणाल्या.

बाहेर वेत करकरला.

५

खिडकीतून उतरतं ऊन येत होतं. भिंगरीने बाहेरच्या खोलीतलं टेबल भिंतीला सरकवलं, चपला लाथाडल्या, केस बांधले. घरचे कपडे, भाजीचा डाग पडलेले. ढोल नव्हता. आतून बाईंनी बोटांनी पलंगाच्या कडेवर ताल धरला. आधी चाचपडत, मग ओळखीचा.

तिने भांडं पुढे केलं. सभागृहात हात रिकामे होते. इथे हातांना वजन लागलं, बोटांना गारवा लागला. तिने गिरकी घेतली, आणि मान आपोआप कलली.

पाहुणा बसला होता. तिच्या गुडघ्यांनी, तिच्या पाठीने. तिने उंबऱ्यापलीकडे पाहिलं. पलंगावर काहीतरी पडलेलं होतं. लहान, हलकं, एका हाताने उचलता येईल असं. त्याला नाव नव्हतं, आवाज नव्हता, बोटं कशावर तरी टकटक करत होती एवढंच. उचलायचं आणि न्यायचं. त्यात वाईट काहीच वाटत नव्हतं. तेच सगळ्यात भयंकर होतं. तिचं बोट उचललं गेलं आणि खोलीकडे वळलं.

गिरकी. सून. अंगाला दरदरून घाम सुटला होता. ताल आता विनवणीचा झाला, इथे गुडघे टेकायचे. गुडघ्यांना सवय होती, ते वाकायला लागलेही. भिंगरीने त्यांना सरळ केलं. ती उभी राहिली, उंबऱ्यात, दोन्ही हात चौकटीला लावून, आणि मान हलवली. नाही.

आत बोटं अडखळली. मग त्यांनी एक नवीनच ठेका धरला. तो भिंगरीने कधी ऐकला नव्हता.

गिरकी तिने घेतली नव्हती. ती घेतली गेली. बोट पुन्हा उचललं, या वेळी जास्त लांब. गिरकी. नाही. पुन्हा गिरकी, आता पाहुणा उभा होता, आणि परत सुनेत यायला तिला पाण्याखालून वर यावं तसं यावं लागलं. ती आली. पायात गोळे आले होते. ती पुढे झाली आणि त्याच्या हातातलं भांडं काढून घेतलं. पाहुण्याच्या हातातलं भांडं परत घेतलं की त्याचं बसणं संपतं. हे गोष्टीत नव्हतं. हे कोणत्याही घरातल्या बाईला माहीत असतं. तिने भांडं खाली ठेवलं. फरशीवर टण् असा आवाज झाला. दार दाखवलं.

आता त्याला पोचवायचं. आणि त्याला पोचवायचं म्हणजे त्याच्या पायांनी तिनेच चालत जायचं.

गिरकी. टाच, पंजा. टाच, पंजा. घराचं खरं दार सताड उघडं होतं, त्याच्या अलीकडे तिने दुसरं उघडलं आणि त्यातून बाहेर पडली. जिन्याच्या तोंडाशी थांबली. इथे परत गिरकी घ्यायची, सून व्हायचं, आत यायचं, दार लावायचं. किती साधी गोष्ट. पण गिरकी कशी घेतात? कोण घेतं? समोर जिना उतरत होता, खाली कुठेतरी गेला होता, आणि ते ओळखीचं वाटत होतं. मागे एक खोली होती. कोणाची ते आठवत नव्हतं. टाच पहिल्या पायरीवर टेकली.

"टाच नाही!"

आवाज चिरका, म्हातारा, आणि भयंकर चिडलेला.

"पंजा आधी! किती वेळा सांगायचं? मान बघ कशी धरलीय, मोडलेल्या छत्रीसारखी! सरळ कर! गिरकी घे, भिंगरी, आणि नीट घे, कोणी बघत नाहीये म्हणून वेड्यावाकड्या घेतेस त्यातली नको!"

ती आयुष्यात त्या आवाजाला कधी नाही म्हणू शकली नव्हती. मान सरळ झाली. पंजा टेकला. तिने गिरकी घेतली, आणि ती इतकी स्वच्छ झाली की पाय जमिनीवर आहेत हेही तिला जाणवलं नाही. ती आत होती. तिने दोन्ही हातांनी दार ओढलं. ते जड होतं, आणि पलीकडून कोणी ढकलत नव्हतं. नुसतं उभं होतं.

फट मिटता मिटता तिला दिसलं. कललेली मान. शांत, सभ्य. आणि गालावर अर्धा पुसलेला रंग.

तिने कडी घातली. त्यांच्या घराला कडी नव्हती, साधं कुलूप होतं. पण लोखंड लोखंडावर बसल्याचा आवाज तिने ऐकला, आणि आतून बाईही म्हणाल्या, "बसली."

६

बाईंनी त्या संध्याकाळी भात संपवला आणि मीठ कमी असल्याचं सांगितलं. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांनी नाडी पाहिली, पुन्हा पाहिली, आणि अशी माणसं चिवट असतात, असं काहीतरी बोलून निघून गेले. खुर्ची भिंतीला टेकून होती. भिंगरी तिच्याकडे अधूनमधून बघायची. ती जागची हलली नाही.

फक्त दुपारच्या वेळी, घर शांत असताना, दारावर थापा पडायच्या. तीन. मग थांबून पुन्हा तीन. घाई नाही, राग नाही. नवऱ्याने दोनदा उठून दार उघडायचा प्रयत्न केला, आणि दोन्ही वेळा भिंगरीने त्याला नुसत्या नजरेने खाली बसवलं.

"अगं, कोणीतरी आहे."

"असू दे."

"दार उघडायला काय जातंय?"

"दार वाजतंय की नाही ते आधी नीट ऐक," बाई आतून म्हणाल्या. त्याने ऐकलं. आवाज दाराच्या जरा अलीकडून येत होता. त्यानंतर तो पुन्हा उठला नाही, आणि काही विचारलंही नाही. दिवेवाला असला तरी मुलगा बाईंचाच होता.

सभागृहाचे दिवे दुरुस्त झाले. 'पाहुणा' पुन्हा लावायचा ठरला. मंडळीतल्या काहींनी सुचवलं, थोडे दिवस दुसरी गोष्ट करू या. भिंगरी म्हणाली, हीच करणार. घरात बसून त्याच्या थापा मोजायच्या, आणि ज्या कामावर आपण जगतो ते त्याच्या भीतीने सोडायचं, हे तिच्याच्याने होणार नव्हतं.

प्रयोगाला चाकाच्या खुर्चीत बसून बाई आल्या. पहिल्या रांगेच्या टोकाला, ढोलाच्या बाजूला. हट्टाने आल्या, वाटेत रस्त्याला नावं ठेवत आल्या.

पडदा उघडला. भिंगरी केर काढत होती. उजव्या अंगापर्यंत केर काढत गेली, परत आली. गोष्टीतल्या तीन थापा नाचणारी स्वतःच देते, टाच आपटून. ती जागा आली. भिंगरीने टाच उचलली नाही.

थापा पडल्या. तालकाकांचे दोन्ही हात मांडीवर होते.

सभागृहातल्या कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. गोष्ट माहीत असलेले लोक ती दार उघडायची वाट बघू लागले. भिंगरीने केरसुणी सावकाश कोपऱ्यात ठेवली, कारण उचललं ते ठेवायचं असतं. खुर्ची उचलली. दोन्ही हातांनी ती दारापर्यंत नेली, दाराला पाठ लावून ठेवली, आणि तिच्यावर बसली, लोकांकडे तोंड करून. तिच्याखाली काहीही नव्हतं आणि मांड्या थरथरत होत्या, पण ती बसली.

थापा पडल्या. आता त्या तिला पाठीच्या मणक्यात जाणवत होत्या. भीती वाटत होती. तिने हाताची घडी घातली.

सभागृहात कुणीतरी खाली पडलेली किल्ली उचलली, तेवढाच आवाज झाला. लोकांना आता कळायला लागलं होतं की ही उघडणार नाही. एक म्हातारा गृहस्थ बायकोचा हात धरून पुढे सरकून बसला. पहिल्या रांगेच्या टोकाला बाईंची बोटं खुर्चीच्या हातावर वाजायला लागली, त्या दिवशीचा नवा ठेका, आणि काकांनी तो ढोलावर उचलला.

मागून थापा वाढल्या. तिनाच्या चार झाल्या, चाराच्या कितीतरी. पहिल्यांदाच त्याला घाई झाली होती. पहिल्यांदाच तो रीतभात विसरला होता. भिंगरीने समोर पाहिलं. बाई तिच्याकडेच बघत होत्या, हनुवटी वर करून, आणि ढोलाच्या आवाजातही त्या काय म्हणाल्या ते तिला ओठांवरून स्पष्ट कळलं.

"वाजवू दे."

ती बसून राहिली.